समाजातल्या हिंसेची प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कारणं: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि जिल्ह्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वेगळ्या कायद्याचं नाव दिलेलं नसेल तिथे कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता (बीएनएस) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) यांचे आहेत. आत्ता, या क्षणी जिवाला धोका असेल तर हे वाचत बसू नका, ११२ लावा.

१. प्रत्यक्ष कारण आणि अप्रत्यक्ष कारण यात फरक काय?

हात उचलला गेला त्या क्षणी जे हजर होतं ते प्रत्यक्ष कारण: आईबहिणीवरून शिवी, पोटातली दारू, हाताशी असलेला कोयता, "आज सोडू नको त्याला" म्हणणारा मित्र, मोबाइल काढून उभे असलेले बघे. तो माणूस आणि ते भांडण तिथवर ज्यामुळे पोचलं ते अप्रत्यक्ष कारण: वर्षानुवर्षं रखडलेली वाटणी, लहानपणापासून घरात पाहिलेली मारहाण, जातीचा माज, हाताला काम नसणं, आणि तक्रार करून काही होत नाही हा अनुभव. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या अहवालात व्यक्ती, जवळची नाती, वस्ती आणि एकूण समाज असे चार थर मांडले आहेत. कुठल्याही घटनेत बहुधा चारही सापडतात. प्रत्यक्ष कारण दूर केलं की आजचा मार टळतो. अप्रत्यक्ष तसंच राहिलं तर दुसरं निमित्त लवकरच मिळतं.

२. "किरकोळ कारणावरून खून" अशा बातम्या रोज येतात. माणसं खरंच इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून जीव घेतात?

क्वचित. फिर्यादीत शेवटचा प्रसंग लिहिला जातो आणि बातमी फिर्यादीवरून होते. गाडीचा कट लागला, तंबाखू दिली नाही, गाण्याचा आवाज कमी केला नाही, ही सगळी निमित्तं. घटना समजून घ्यायची असेल तर उलटं लिहीत जा. त्या दिवशी काय झालं, त्या आठवड्यात काय झालं, त्या वर्षात काय झालं, आणि याआधी कोण कोणाकडे तक्रार घेऊन गेलं होतं. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बहुतेक वेळा कोणीतरी तलाठ्याकडे, मुख्याध्यापकांकडे, पोलीस पाटलाकडे किंवा चौकीत आधी जाऊन आलेलं असतं आणि तिथून "आपसात मिटवा" एवढंच ऐकून परतलेलं असतं. हिंसा थांबवायची जागा तिथे होती. पोलीस पाटील, शिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते यांनी हे उलटं टिपण दर घटनेनंतर करावं असा आमचा आग्रह आहे.

३. कोणी कोणाला हातच लावला नाही, तर त्याला हिंसा कशी म्हणायची?

नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये रचनात्मक हिंसेची कल्पना मांडली: व्यवस्थेची घडणच अशी की माणसाला टाळता येण्यासारखी इजा होते, पण मारणारा हात दिसत नाही. १९९० मध्ये त्यांनी सांस्कृतिक हिंसेची जोड दिली, म्हणजे ही इजा योग्यच आहे असं पटवणाऱ्या समजुती.

थेट मारहाणीची प्रत्यक्ष हिंसा धरून हे तिन्ही प्रकार नाशिकला एकाच ठिकाणी दिसले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे बिनीचे कार्यकर्ते. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. दगड ही प्रत्यक्ष हिंसा. पिढ्यानपिढ्या बंद ठेवलेला दरवाजा ही रचनात्मक हिंसा. आणि "हेच धर्माला धरून आहे" हा विश्वास, ज्याच्या जोरावर दगड मारणाऱ्याला अपराधी वाटलं नाही, ती सांस्कृतिक हिंसा. दरवाजा बंद होता तोवर कोणी मार खात नव्हतं, म्हणून बाहेरून सगळं शांत दिसायचं.

आजचं उदाहरण हवं असेल तर इगतपुरी-त्र्यंबकेश्वरचा डोंगराळ भाग पाहा. पाऊस धो धो पडतो, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच भागातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरतात.

४. गरिबी आणि बेकारीमुळेच गुन्हेगारी वाढते ना?

नुसत्या गरिबीमुळे नाही. सुरगाणा, पेठ हे जिल्ह्यातले सर्वांत गरीब तालुके, म्हणून तिथे सर्वांत जास्त खून होतात असं समीकरण मांडता येत नाही. जगभरच्या अभ्यासांत खुनांशी जास्त घट्ट संबंध दिसतो तो विषमतेचा: शेजारीशेजारी राहून एकाला सगळं आणि दुसऱ्याला काही नाही. बेकारीचं नुकसान पैशापेक्षा मानाचं असतं. दिवस मोकळा, घरात किंमत नाही, अशा पोराला टोळीत मान मिळतो (प्रश्न १० पाहा).

५. दारू हे हिंसेचं कारण की निमित्त?

दोन्ही. दारूने संयम सुटतो, समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ वाकडा लागतो, आणि मारणाऱ्याला "प्यायलो होतो" ही सबब मिळते. पण तोच माणूस मालकासमोर, पोलिसासमोर प्यायलेला असूनही हात उचलत नाही. घरी येऊन बायकोवर उचलतो. कोणावर उचलायचा हे दारू ठरवत नाही. म्हणून नुसतं व्यसनमुक्ती केंद्रात पाठवून घरची मारहाण थांबेल असं गृहीत धरू नका.

परवानाधारक दुकान बंद करायचं असेल तर मार्ग आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान होतं. मागणी फसते ती दोन ठिकाणी: सह्या मतदारयादीतल्या नावाशी जुळत नाहीत, आणि मतदानाच्या दिवशी बाया कामावर जातात. "आडवी बाटली"ला (म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूला) यादीतल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, आलेल्यांपैकी नव्हे. हातभट्टीला मात्र मतदान लागत नाही. ती मुळातच बेकायदा, सरळ तक्रार करा.

६. शेताच्या बांधावरून एवढं रक्त का सांडतं, आणि आधीच काय करता येईल?

कारण बांध एका दिवसात कोरला जात नाही. दर नांगरटीला फाळ चार बोटं आत सरकतो. काही वर्षांत तीन फुटी बांध वीतभर उरतो, आणि एखाद्या सकाळी बांधावरची बाभूळ कोणाची यावरून कुऱ्हाड निघते. निफाड, दिंडोरीसारख्या बागायती पट्ट्यात वीतभर जमिनीलाही किंमत आहे. त्यात सातबारा सामाईक, वाटणी आजोबांच्या काळातली आणि तीही तोंडी. भांडणारे दोघंही मनापासून स्वतःला खरे समजत असतात, म्हणून समजूत घालून भागत नाही. कागद लागतो.

पहिलं काम मोजणी. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा, ऑनलाइनही होतो. सातबारा जोडा, फी भरा, आणि लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते बिनचूक लिहा. नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली की शेजारी "मला कळवलंच नाही" म्हणतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. मोजणीनंतर हद्दी दाखवून नकाशाची "क" प्रत मिळते. खुणा दाखवल्या त्याच दिवशी, पंचांसमक्ष, पक्के दगड रोवून फोटो काढा. चुन्याची रेघ आणि लाकडी खुंटी आठवडाभरही टिकत नाही. मोजणी मान्य नसेल त्याने निमताना मोजणीसाठी (वरिष्ठांकडून होणाऱ्या फेरमोजणीसाठी) अर्ज करावा. खुंट्या उपटणं हा उपाय नाही.

वहिवाटीचा रस्ता किंवा पाट अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. "बघू, ऐकेल" म्हणत ही मुदत निघून जाते आणि मग दिवाणी कोर्टाशिवाय वाट उरत नाही. रस्ताच नसेल आणि नवा हवा असेल तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. सर्व सहधारकांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदार वाटणी करून देतात.

निकाल लागेपर्यंत हद्दीपासून दोन हात अलीकडे थांबून नांगरा आणि बांधावर एकट्याने वाद घालायला जाऊ नका. धमकी आली असेल तर पोलीस ठाण्यात तारीखवार लेखी अर्ज देऊन बीएनएसएस कलम १२६ खाली कारवाई मागा. गावाकडे हिला चॅप्टर केस म्हणतात. कार्यकारी दंडाधिकारी समोरच्याकडून जास्तीत जास्त एका वर्षासाठी शांतता राखण्याचा बाँड घेऊ शकतात. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेची समिती जिथे अजून जिवंत आहे तिथे तिचा उपयोग मोजणीच्या आधी आणि मोजणीच्या दिवशी होतो. कुऱ्हाड चालून गेल्यावर तिने मध्ये पडू नये.

७. मजुराने उचल घेतली असेल तर त्याला कामावर अडवून ठेवता येतं का?

नाही. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांवर, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांना हे कोणी सांगत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. उचल हे कर्ज आहे आणि कर्जासाठी माणूस तारण ठेवता येत नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम १९७६ नुसार असं कर्जच संपुष्टात येतं. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटलं आहे. तक्रार प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. सुटका झाल्यावर मुक्ती प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय गावी परतू नका, कारण पुनर्वसनाची मदत त्यावरच मिळते. मुकादम आणि मजूर यांच्यातल्या मारहाणी बहुतेक हिशेबाच्या दिवशी होतात. उचल, हजेरी आणि खाडे यांची नोंद मजुराकडेही असेल तर त्या दिवसाचा धोका बराच कमी होतो.

८. घरात "कधीतरी" मारहाण होते. जिवावर बेतेल हे आधी कसं ओळखायचं?

पुढच्या खुणांपैकी एकही असेल तर "कधीतरी" हा शब्द सोडून द्या: गळा दाबणं, ठार मारण्याची धमकी, घरात हत्यार आणून ठेवणं, गरोदरपणात मारणं, मारण्याची वारंवारता किंवा जोर वाढणं, फोन तपासणं आणि पाळत ठेवणं. आणि सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे बाई घर सोडायचं ठरवते तो. म्हणून निघण्याची तारीख भांडणात कधीही तोंडातून काढू नका.

गळा दाबला असेल तर बाहेरून वळ नसला तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, श्वास अडकणं या खुणा आहेत, आणि आतली सूज काही तासांनंतरही वाढते.

त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय असो की तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, केसपेपरवर एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या जखमेची) नोंद करायला सांगा. कोणी, कशाने, कुठे, किती वाजता मारलं हे डॉक्टरांना सांगा. सासरचं माणूस शेजारी उभं असेल तर त्याला बाहेर पाठवायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. "जिन्यावरून पडले" असं एकदा कागदावर आलं की कोर्टात तेच वाक्य तुमच्याविरुद्ध वाचलं जातं. फोटो दोन काढा, एक चेहऱ्यासह आणि एक जवळून, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त गडद दिसतो, तेव्हा पुन्हा काढा.

भांडण पेटलं की स्वयंपाकघर आणि मोरी टाळा. एकीकडे सुरी-विळी, दुसरीकडे बाहेर पडायला वाट नाही. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती माहेरी किंवा विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवा आणि तिच्याशी एक खूण ठरवा, जी दिसली की तिने ११२ लावायचा. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

९. नवऱ्याला जेलमध्ये घालायचं नाही, फक्त मारणं थांबायला हवं. मार्ग आहे?

आहे, आणि तो कमी वापरला जातो. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम २००५ मुळात दिवाणी संरक्षणाचा कायदा आहे. महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा. त्या घरगुती घटना अहवाल विनामूल्य भरून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. थेट कोर्टातही अर्ज करता येतो. संरक्षण (कलम १८), राहण्याचा हक्क (१९), खर्च (२०), मुलांचा तात्पुरता ताबा (२१) आणि भरपाई (२२) एकाच अर्जात मागा. कायद्यात ६० दिवसांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेश पहिल्याच तारखेला मागायला विसरू नका. आदेश मोडला तर तो गुन्हा: १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा बायकोपुरता नाही. आई, बहीण, विधवा सून, लग्नाविना एकत्र राहणारी जोडीदार यांनाही लागू आहे. बीएनएस कलम ८५ ची (जुनं ४९८-अ) फिर्याद वेगळी; दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

१०. वस्तीतली पोरं कोयते घेऊन फिरतात, गाड्या फोडतात. हे येतं कुठून?

सुरुवात कोयत्याने होत नाही. आधी "भाई" गाडीत पेट्रोल टाकतो, रिचार्ज मारतो, दुसऱ्या गल्लीतल्या पोरांनी अडवलं तर धावून येतो. मग निरोप पोचवणं, मग वस्तू ठेवून घेणं. रात्री बाराला रस्त्यावर तलवारीने केक कापल्याचा व्हिडिओ पडतो, त्यावर लाइक येतात, आणि समोरच्या टोळीला उत्तर देणं भाग पडतं. उभ्या गाड्या फोडणं ही त्यातली जाहिरात आहे: कमी धोक्यात संपूर्ण गल्लीला कळतं की इथे कोणाचं चालतं. पंचवटी असो, सिडको असो की नाशिकरोड, क्रम हाच दिसतो. चौदा ते सतरा वयाची पोरं मुद्दाम निवडली जातात, कारण टोळीच्या म्होरक्याला कायदा माहीत असतो (प्रश्न ११).

घरच्यांनी लक्ष ठेवण्याच्या गोष्टी: कोणाची ते न सांगता येणारी दुचाकी, अचानक आलेले महागडे बूट, शाळेतल्या गैरहजेऱ्या, फोनमध्ये हत्यारांचे फोटो, दर आठवड्याला कोणाचा तरी "वाढदिवस". पोराला बडवू नका. घरात मार आणि बाहेर मान मिळत असेल तर ते बाहेरच जाणार. त्याला त्या गल्लीपासून काही महिने लांब ठेवा आणि रिकामे तास भरा. सातपूरची आयटीआय, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली शिकाऊ उमेदवारी हे कंटाळवाणे वाटणारे उपाय व्याख्यानांपेक्षा जास्त पोरं परत आणतात, कारण त्यात पोराला स्वतःची कमाई आणि नवे मित्र दोन्ही मिळतात.

"कोयता तर शेतीचं अवजार" हा युक्तिवाद अर्धाच खरा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्र नियमांत येतात, शेती आणि घरकामाची अवजारं वगळून. शेताच्या वाटेवरचा कोयता अवजार. रात्री अकराला चौकात शर्टाखाली असेल तर नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असेल तेव्हा नुसतं बाळगणंही कलम १३५ खाली शिक्षापात्र. तडीपारी (कलम ५५ ते ५७) दोन वर्षांपर्यंत होते. ती गल्लीला उसंत देते, पण माणूस शेजारच्या जिल्ह्यात तेच करतो आणि मुदत संपली की परततो. त्या उसंतीत मागे राहिलेल्या पोरांसाठी काही झालं तरच तिचा उपयोग.

११. अल्पवयीन असेल तर काहीच होत नाही, हे खरं का?

नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ खाली बाल न्याय मंडळ ३ वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवू शकतं. मुलाचं वय १६ ते १८ आणि गुन्हा घृणास्पद गटातला (किमान शिक्षा ७ वर्षं) असेल तर प्राथमिक मूल्यमापनानंतर प्रौढांप्रमाणे खटला चालू शकतो. लोकांना माहीत नसलेली बाजू अशी: मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला कलम ८३ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड आहे, आणि बीएनएस कलम ९५ वेगळं लागतं. फिर्याद देताना मागच्या "भाई"चं नाव सांगा.

१२. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेने माणूस कसा मारला जातो?

१ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. आठवडी बाजाराचा दिवस, म्हणून गर्दी तयार होती. त्याआधी अनेक दिवस मुलं चोरीला जात असल्याचे व्हिडिओ फिरत होते, म्हणून भीती तयार होती. आणि भटक्या जमातींवर इंग्रजांनी मारलेला गुन्हेगारीचा शिक्का समाजाच्या मनातून पुसला गेलेला नाही, म्हणून संशयितही तयार होते. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीतच मारलं गेलं, हे नीट लक्षात ठेवा: पहारा नसलेली बंद खोली सुरक्षित नसते.

असा जमाव दिसला तर आधी ११२, मग गावातल्या दहा ओळखीच्या माणसांना बोलावून त्या व्यक्तीभोवती उभं करा. जमावातला माणूस अनोळखीचं ऐकत नाही, पण भावकीतल्या माणसाने नावाने हाक मारली की थबकतो. जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तर कलम १०३(२) खाली प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते.

१३. जातपंचायतीने वाळीत टाकलं, पण मारलं नाही. तक्रार होते का?

होते. सामाजिक बहिष्कारविरोधी महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामागच्या लोकचळवळीचा, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जातपंचायत मूठमाती अभियानाचा, आरंभ २०१३ मध्ये नाशिकहूनच झाला. बहिष्कार तोंडी असतो, म्हणून पुरावा जमवा: लग्नाची नाकारलेली पत्रिका, ग्रुपमधून काढल्याचा स्क्रीनशॉट, दंड घेतल्याची चिठ्ठी.

१४. ठाण्यात गेलो तर नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेतली. आता?

हाताने केलेली साधी मारहाण (कलम ११५(२)) अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, त्यामुळे एनसी दर वेळी टाळाटाळ नसते. पण घातक हत्यार वापरलं असेल (११८), हाड मोडलं, दात पडला किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा नेहमीची कामं करता आली नाहीत (११६, ११७), तर गुन्हा दखलपात्र होतो. एक्स-रेचा अहवाल नंतर आला असेल तर तो घेऊन परत जा आणि कलम वाढवायला सांगा. "हे आमच्या ठाण्याच्या हद्दीत नाही" असा वाद घातला तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे. प्रत विनामूल्य मिळते. तरी नकार आला तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे: शहरात पोलीस आयुक्तालय, बाकी जिल्ह्यात नाशिक ग्रामीणचे पोलीस अधीक्षक, त्यानंतर बीएनएसएस कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकारी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१००.

१५. मुलगाच मारतो, किंवा बायको मारते. पुरुषांना आणि म्हाताऱ्यांना काही आहे का?

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली पुरुषाला अर्ज करता येत नाही, पण मारहाणीची सर्वसाधारण कलमं सगळ्यांना सारखीच लागू आहेत आणि एमएलसीची पद्धतही तीच (प्रश्न ८). ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे: प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज, आणि सांभाळायच्या अटीवर घर-जमीन लिहून दिली असेल तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. बक्षीसपत्रात ती अट लिहिलेली नसेल तर प्रकरण अडतं, म्हणून सही करण्याआधी लिहून घ्या. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

१६. हिंसा करणारे मानसिक रुग्ण असतात का?

बहुतेक नाहीत. मानसिक आजार असलेली माणसं मारण्यापेक्षा मार खाण्याच्या बाजूला जास्त असतात. टेली-मानस १४४१६ ही मदत आजारासाठी आहे. मारणाऱ्याला "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणून सोडवण्यासाठी तिचा वापर करू नका.

१७. आधी त्यांनी मारलं, पण आता दोघांवरही गुन्हा आहे. मिटवता येईल?

क्रॉस केस नेहमीची आहे. स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण गरजेपुरताच: हल्ला थांबल्यावर पाठलाग करून मारलं तर तो हक्क संपलेला असतो. आपल्या जखमांची नोंद त्याच दिवशी झाली असेल तरच बाजू टिकते. व्हिडिओ असेल तर मूळ फाइल मूळ फोनमध्येच ठेवा, कापू नका, त्यावर गाणं टाकू नका.

साध्या मारहाणीत फिर्यादी स्वतः तडजोड करू शकतो, गंभीर दुखापतीत (११७(२)) कोर्टाची परवानगी लागते. कलम ८५ आणि अ‍ॅट्रॉसिटीचे गुन्हे खालच्या कोर्टात आपसात मिटत नाहीत. त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथेही मागणी मान्य होईलच असं नाही. बांधाच्या प्रकरणात तडजोडीच्या कागदावर "यापुढे भांडणार नाही" एवढंच लिहू नका. मोजणीची तारीख, फी कोण भरणार आणि हद्दीचे दगड कोणासमोर रोवणार हे लिहा, आणि सह्यांमध्ये ज्या भावांची नावं सातबारावर आहेत ते सगळे घ्या. एकाची सही राहिली तर पुढचा वाद तोच उकरून काढतो.